एक कंपनी, अनेक पडदे

विंडोजवर चालणाऱ्या संगणकात ऑल्ट आणि एफ४ या दोन कळा एकत्र दाबल्या की समोरची खिडकी बंद होते. संगणक तलाठ्याच्या कार्यालयातला असो, बँकेतला असो की शाळेतला, ही खूण सगळीकडे चालते. ती ठरवली कोणी, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. तिचा उगम आहे १९८७ साली आयबीएमने प्रसिद्ध केलेल्या ‘कॉमन युजर अ‍ॅक्सेस’ या नियमसंचात. आयबीएमची मोठी यंत्रे, मध्यम यंत्रे आणि टेबलावरचे छोटे संगणक यांवरचे प्रोग्रॅम एकमेकांशी काही नाते नसल्यासारखे वागत होते. वापरणाऱ्याला सगळीकडे ओळखीचे वाटावे, यासाठी हा संच लिहिला गेला.

तेव्हाची परिस्थिती आज ऐकली तर त्रासदायक वाटेल. डॉसवरच्या लोटस १-२-३ मध्ये एफ१ दाबले की मदत मिळे. वर्डपरफेक्टमध्ये तीच कळ चालू कृती रद्द करी, मदत एफ३ वर असे आणि बाहेर पडायचे तर एफ७ शोधावी लागे. दिवसभरात हे दोन्ही प्रोग्रॅम हाताळणाऱ्या कारकुनाला एकीकडे बोटांना लागलेले वळण दुसरीकडे मोडावे लागे. आयबीएमच्या नियमसंचाने एफ१ मदतीला दिली, एफ१० मेनूला दिली; मजकूर कापायला शिफ्ट-डिलीट, नक्कल करायला कंट्रोल-इन्सर्ट आणि चिकटवायला शिफ्ट-इन्सर्ट ठरवली. मायक्रोसॉफ्टने पुढे विंडोजसाठी त्यातले बरेच काही स्वीकारले. कापण्या-चिकटवण्याच्या या जोड्या आता फारशा कुणाच्या वापरात नाहीत, कारण अ‍ॅपलकडून आलेल्या एक्स, सी आणि व्ही या कळांनी त्यांची जागा घेतली. तरी विंडोजमध्ये त्या आजही चालतात. कुणाच्या तरी बोटांना त्यांची सवय असेल, म्हणून त्या काढून टाकलेल्या नाहीत.

सॉफ्टवेअर कंपनीच्या निरनिराळ्या उत्पादनांतल्या दृश्यसुसंगतीचा परिचय करून देताना मी रंग किंवा बोधचिन्ह सोडून कळांपासून सुरुवात केली, ती मुद्दाम. या विषयाकडे नव्याने वळणारे बहुतेक जण, मग ते कलाशाळेतून आलेले असोत की प्रोग्रॅमिंगमधून, कंपनीची सगळी उत्पादने एका कुटुंबातली दिसावीत एवढ्या अपेक्षेने येतात. ती अपेक्षा रास्त आहे. पण माझ्या मते सुसंगती ही आधी वापरणाऱ्याची गरज आहे, कंपनीची ओळख त्यानंतर. माणूस एक प्रोग्रॅम शिकतो तेव्हा तो वेळ घालवतो, चुका करतो, कधी कुणासमोर ओशाळतो. एवढे करून त्याने जे कमावले, ते त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याला उपयोगी पडले पाहिजे. या क्षेत्रातले सगळे नियम, सगळे वाद आणि सगळी साधने या एका कसोटीवर घासून पाहावीत, असे मी पुढची प्रकरणे वाचणाऱ्याला सुचवतो.

अनेक वस्तूंना एकच दृश्यभाषा देण्याची कल्पना सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधीची आहे. १९०७ मध्ये एईजी या जर्मन वीजकंपनीने पीटर बेरेन्स यांना कलासल्लागार नेमले. कंपनीचे बोधचिन्ह, जाहिराती, दिवे, विजेच्या किटल्या आणि बर्लिनमधला टर्बाइनचा कारखाना, सगळ्यावर त्यांची एकच नजर फिरली. पुढे न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचे ऑलिव्हेटी या टाइपरायटर-कंपनीचे दुकान पाहून धाकट्या थॉमस वॉटसन यांना आपल्या आयबीएमचे रूप खटकू लागले. १९५६ मध्ये त्यांनी एलियट नॉइस यांच्याकडे डिझाइनची सूत्रे दिली. पॉल रँड यांनी केलेले आडव्या आठ पट्ट्यांचे बोधचिन्ह आले १९७२ मध्ये. या इतिहासावर भरपूर आणि सुरेख लेखन झालेले आहे, म्हणून तो इथे दोन ओळींत आटोपतो.

किटली एकदा कारखान्यातून बाहेर पडली की बदलत नाही. सॉफ्टवेअर मात्र दर महिन्याला, कधी दर आठवड्याला बदलते, आणि ते बदलणारे हात शेकडो असतात. शिवाय ते नुसते दिसत नाही, वागतेही. दोन प्रोग्रॅममधली बटणे रंगाने, आकाराने हुबेहूब असतील, पण एकात दाबताच काम साठवले जात असेल आणि दुसऱ्यात आधी विचारणा होत असेल, तर दिसण्यातल्या साम्याने फसवणूकच होते. त्यामुळे बेरेन्स यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ असले तरी सॉफ्टवेअरला स्वतःची परंपरा घडवावी लागली.

त्या परंपरेतले एक मोठे पाऊल म्हणजे झेरॉक्सचा ‘स्टार’ हा १९८१ सालचा संगणक. त्याच्या कळफलकावर हलवणे, नक्कल करणे, पुसणे, गुणधर्म दाखवणे अशा मोजक्या क्रियांसाठी खास कळा होत्या, आणि त्या क्रिया सगळ्याच गोष्टींना लागू होत. पुसण्याची कळ अक्षराला चाले तशीच परिच्छेदाला, आकृतीला आणि आख्ख्या दस्तऐवजालाही. दस्तऐवज छापायचा तर त्याची नक्कल प्रिंटरच्या चित्रावर टाकायची; टपालाने पाठवायचा तर तो बाहेर जाणाऱ्या टपालाच्या चित्रावर न्यायचा. छपाईची वेगळी आज्ञा नको, पाठवण्याची वेगळी नको. चार-सहा क्रियापदांवर आख्खे कार्यालय चालवण्याची ही हिंमत मला आजही थक्क करते. विक्रीच्या हिशेबात स्टार अपयशी ठरला. त्याचा विचार मात्र मॅकिंटॉशमधून आणि विंडोजमधून आपल्यापर्यंत पोहोचला. अ‍ॅपलने १९८७ मध्ये आपली इंटरफेसविषयक मार्गदर्शक तत्त्वे पुस्तकरूपाने छापली आणि बाहेरच्या प्रोग्रॅमरांनीही ती पाळावीत असा आग्रह धरला. सुसंगती हा तेव्हापासून एका कंपनीच्या भिंतीबाहेरचाही विषय झाला.

एवढे सगळे १९८७ पर्यंत कळलेले असताना सुसंगती आजही जागोजागी का मोडते? याचे माझ्या वाचनातले सर्वांत समाधानकारक उत्तर एका प्रोग्रॅमरने १९६८ सालीच देऊन ठेवले आहे, आणि ते इंटरफेसबद्दल नव्हतेच. मेल्विन कॉनवे यांनी ‘डेटामेशन’ नियतकालिकातल्या लेखात म्हटले, की कोणतीही संस्था जी प्रणाली घडवते तिच्या रचनेत त्या संस्थेतल्या संवादाची रचना उतरते. त्यांनी दिलेले उदाहरण लक्षात राहण्यासारखे आहे. एका संस्थेत आठ माणसांकडे कोबोल आणि अल्गोल या भाषांचे कम्पायलर बनवण्याचे काम आले. पाच जण कोबोलला लागले, तीन अल्गोलला. तयार झालेला कोबोलचा कम्पायलर पाच टप्प्यांत चालत होता आणि अल्गोलचा तीन.

हाच नियम पडद्यावर लावून पाहा. ज्या कंपनीत ईमेलचा गट आणि कॅलेंडरचा गट वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात, वेगवेगळ्या वरिष्ठांना उत्तरे देतात आणि वेगवेगळ्या दिवशी नवी आवृत्ती काढतात, तिथल्या ईमेलमध्ये तारीख निवडण्याची चौकट एक तऱ्हेची आणि कॅलेंडरमध्ये दुसऱ्या तऱ्हेची निघणार. दोन्ही गट हुशार असू शकतात, दोन्ही चौकटी आपापल्या जागी उत्तम असू शकतात. वापरणाऱ्याला मात्र कंपनीतल्या दोन विभागांमधली भिंत स्वच्छ दिसते. म्हणूनच या क्षेत्रात येणाऱ्याने कंपनीचा संघटन-तक्ता वाचायला शिकावे, रंगचक्र वाचायला शिकतो तितक्याच आस्थेने.

अलीकडच्या काळातले सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण गूगलचे. २०११ मध्ये लॅरी पेज पुन्हा प्रमुखपदी आले आणि शोध, नकाशे, ईमेल यांची विखुरलेली रूपे एकत्र आणण्याचे काम सुरू झाले. जून २०१४ मध्ये मतियास दुआर्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मटेरियल डिझाइन’ जगासमोर मांडले. त्यातले चटक रंग आणि मोठी गोल बटणे सगळ्यांच्या लक्षात राहिली. मला अधिक मोलाचे वाटते ते त्यातले कारण देण्याचे वळण. पडद्यावरच्या प्रत्येक पृष्ठाला जमिनीपासून उंची आहे असे मानले आणि सावली त्या उंचीवरून ठरवली. त्यामुळे कोणती वस्तू कोणत्या वस्तूच्या वर सरकेल हे वाचकाला न सांगता कळते. बोटाने दाबायची जागा निदान ४८ डीपी असावी असे सांगितले, म्हणजे पडदा कोणताही असला तरी सुमारे ९ मिलिमीटर, कारण माणसाचे बोट फोनच्या किमतीप्रमाणे बारीक-जाड होत नाही. नियमामागचे कारण ठाऊक असेल तर नवा प्रसंग आल्यावर गट स्वतः निर्णय घेऊ शकतो. कारण नसलेला नियम पहिल्याच अडचणीत मोडला जातो.

आता या विषयाची दुसरी बाजू. सुसंगतीवरचा सर्वांत धारदार आक्षेप जोनाथन ग्रुडिन यांनी १९८९ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये घेतला, आणि तो वाचल्याशिवाय कुणीही या क्षेत्रात पुढे जाऊ नये. त्यांचा दृष्टान्त घरातल्या सुऱ्यांचा आहे. सगळ्या सुऱ्या एकाच खणात ठेवाव्यात हा नियम लक्षात ठेवायला सोपा. पण कोणत्याही घरात तसे नसते. जेवणाच्या सुऱ्या स्वयंपाकघरात असतात, लांबी भरण्याची पाती हत्यारांच्या पेटीत आणि सहलीची घडीची सुरी सहलीच्या सामानात. वस्तू कुठे ठेवायची हे तिच्या नावावरून न ठरता तिच्या कामावरून ठरते. ग्रुडिन यांनी सुसंगतीचे तीन प्रकार वेगळे केले: इंटरफेसची स्वतःशी, वापरणाऱ्याच्या ओळखीच्या इतर इंटरफेसशी, आणि संगणकाबाहेरच्या जगाशी. हे तीन एकमेकांच्या विरोधात उभे राहतात तेव्हा काय करायचे, हा या अभ्यासाचा खरा कठीण भाग आहे. विंडोजच्या चौकटीत होकाराचे बटण आधी आणि नकाराचे नंतर येते. मॅकवर नकार आधी आणि होकार उजव्या टोकाला. दोन्हीकडे चालणारा प्रोग्रॅम काढणाऱ्या कंपनीने आपल्या दोन आवृत्त्या एकमेकींशी जुळवायच्या, की प्रत्येक आवृत्ती त्या त्या यंत्राच्या रिवाजाशी? माझे उत्तर दुसऱ्या बाजूचे आहे, कारण दिवसभर एकाच यंत्रावर बसणारी माणसे दोन्हीकडे फिरणाऱ्यांपेक्षा फार जास्त. बाहेरच्या जगाचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. भारतात शेअरचा भाव चढला की हिरवा आणि पडला की लाल दाखवतात. चीनमध्ये नेमके उलटे. जगभर एकच रंगनियम लादणारी कंपनी तिथे गुंतवणूकदाराला त्याच्याच पैशाबद्दल चुकीचे सांगेल.

सुसंगती आणि साचेबंदपणा यांतली रेघ कुठे ओढायची, हे दोन आयकॉन-संच शेजारी ठेवून पाहिले की चांगले कळते. अ‍ॅडोबीने २००५ मध्ये मॅक्रोमीडिया विकत घेतली. दोन घराण्यांची उत्पादने एका छत्राखाली आली आणि २००७ च्या सीएस३ संचात सगळ्यांना एकच रूप मिळाले: सपाट रंगाचा चौकोन आणि त्यात दोन अक्षरे. फोटोशॉपचा निळा, इलस्ट्रेटरचा नारिंगी, फ्लॅशचा लाल. त्या वेळी पुष्कळांनी नाके मुरडली. पण आकार एक, रंग वेगळा आणि अक्षरे वेगळी, अशी ती रचना होती. घराणे आकारावरून कळे आणि माणूस रंगावरून. आता ऑक्टोबर २०२० मध्ये आलेले गूगल वर्कस्पेसचे आयकॉन घ्या. जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट या सगळ्यांत लाल, पिवळा, हिरवा आणि निळा हे चारही रंग विभागून भरले. घराण्याची खूण ठसठशीत झाली, पण ओळखण्याचे ओझे एकट्या बाह्यरेषेवर पडले. ब्राउझरच्या टॅबवर आयकॉन फारच लहान दिसतो, आणि त्या आकाराला डोळा रंग आधी टिपतो, रेषा नंतर. कॅलेंडर शोधताना मीट उघडल्याच्या तक्रारी लगेच आल्या. कंपनीला जे सारखे हवे होते तेच वापरणाऱ्याला वेगळे हवे होते. माझ्या मते अ‍ॅडोबीचा निर्णय बरोबर होता आणि गूगलचा चुकीचा.

मराठी वाचकाला या क्षेत्रात स्वतःचे असे एक मोठे काम आहे, आणि त्यासाठी मी जरा अधिक जागा घेणार आहे. जवळजवळ सगळ्या दृश्यप्रणाली रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून जन्मल्या. फोनची भाषा मराठी केली की पडद्यावर ‘२ वर्षांपूर्वी’ असा शब्द हमखास भेटतो, बहुतेकदा सगळ्यांत बारीक अक्षरांत, फोटोखाली किंवा व्हिडिओखाली. हा शब्द नीट पाहा. ‘र्षां’मध्ये शिरोरेषेच्या वर रफार आहे आणि अनुस्वारही, ‘पू’ला खाली ऊकार आहे, ‘र्वी’वर वेलांटी आणि रफार एकत्र आले आहेत. रोमन अक्षरांसाठी आखलेल्या ओळीच्या उंचीत हे मावत नाही. वरचा अनुस्वार कापला जातो किंवा खालचा ऊकार पुढच्या ओळीत घुसतो. मटेरियलच्या सुरुवातीच्या नियमांत जगातल्या लिप्यांचे तीन गट केले होते, त्यांत देवनागरी ‘उंच’ लिप्यांमध्ये होती आणि तिला ओळींत जास्त अंतर दिले होते. योग्य पाऊल होते ते. पण त्याच नियमांनी बटणावरचा मजकूर रोमन कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितला होता. आजूबाजूच्या मजकुरातून बटण उठून दिसावे यासाठी ती युक्ती होती, आणि देवनागरीत कॅपिटल अक्षरेच नाहीत. इंग्रजी पडद्यावर जो भेद दिसत होता तो मराठी पडद्यावर आपोआप पुसला गेला. नियम दोन्हीकडे सारखाच पाळला होता, परिणाम सारखा नव्हता. २०२१ च्या आवृत्तीत ती कॅपिटल अक्षरे गेली.

याहून सूक्ष्म गोष्ट ल आणि श यांची. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला. हिंदीत या अक्षरांची वळणे वेगळी आहेत. चांगल्या देवनागरी फाँटांत दोन्ही रूपे साठवलेली असतात. कोणते दाखवायचे हे मजकुराला लावलेल्या भाषेच्या खुणेवरून ठरते. एका कंपनीच्या एका अ‍ॅपमध्ये मजकूर मराठी असल्याची खूण लावलेली असेल आणि दुसऱ्यात राहून गेली असेल, तर फाँट एकच असूनही ‘शाळा’ आणि ‘लेख’ हे शब्द दोन अ‍ॅपमध्ये दोन वळणांचे दिसतील. डोळ्यांना न दिसणारी एक खूण दृश्यसुसंगती घडवते किंवा बिघडवते. पडद्यावरच्या देवनागरीसाठी ज्यांनी पायाभूत काम केले त्यांत मुंबईचे र. कृ. जोशी यांचे नाव अग्रभागी आहे. विंडोजबरोबर वर्षानुवर्षे मिळत आलेला ‘मंगल’ फाँट त्यांचा. सुलेखनकार, कवी आणि आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागाचे शिक्षक असलेल्या माणसाने ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटातले अक्षर घडवावे, याचा मराठी अभ्यासकाला अभिमान वाटावा, आणि त्या कामापुढे आपले काम सुरू होते याची जाणीवही असावी.

साधनांविषयी पुढे सविस्तर येईलच, इथे एकाचीच ओळख करून देतो, कारण बाकीची त्यावर उभी आहेत. ‘डिझाइन टोकन’ ही संज्ञा सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीतल्या कामातून रूढ झाली. कल्पना सोपी आहे. बटणाचा रंग कोडमध्ये जागोजागी लिहू नये. ‘मुख्य कृतीचा रंग’ असे त्याला कामावरून नाव द्यावे, त्या नावाची किंमत एकाच ठिकाणी ठेवावी आणि सगळ्या उत्पादनांनी ती तिथून घ्यावी. २०१९ मध्ये अँड्रॉइड आणि आयओएस या दोन्हींनी गडद पार्श्वभूमीची सोय दिली तेव्हा या शिस्तीचा कस लागला. ज्यांनी नावे कामावरून ठेवली होती त्यांना किमती बदलून भागले. ज्यांच्या कोडमध्ये ‘फिकट राखाडी’ असे रंगाचेच नाव हजार जागी पेरलेले होते त्यांना प्रत्येक जागा शोधत फिरावे लागले. साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजेड-फरक निदान ४.५ ला १ असावा हा सुगम्यतेचा मान्य दंडकही असाच एका जागी पाळता येतो, म्हणजे मंद दृष्टीच्या वाचकाला कंपनीच्या प्रत्येक उत्पादनात तेवढीच खात्री मिळते. ओळीची उंचीही टोकनच असते, आणि ती लिपीनुसार बदलता येते. मराठीसाठीचा निर्णय एकदा, एका ठिकाणी, नीट घ्यायचा असेल तर तो इथे घ्यायचा.

या क्षेत्रात येण्यासाठी चित्रकलेची पदवी लागत नाही आणि प्रोग्रॅमिंगचीही नाही. चाचणी करणारे, भाषांतर करणारे, मदतीची पाने लिहिणारे, ग्राहकांचे फोन घेणारे, सगळ्यांना यातला एकेक तुकडा इतरांपेक्षा चांगला ठाऊक असतो. वाचकाला माझी विनंती एवढीच. पुढच्या प्रकरणाकडे वळण्याआधी आपल्या फोनची भाषा मराठी करा आणि एकाच कंपनीची तीन अ‍ॅप उघडा. ‘वर्षांपूर्वी’ कुठे कापला जातो, ल आणि श कुठे वळण बदलतात, परत जाण्याची खूण कुठे जागा सोडते, हे टिपून ठेवा. आणि ती टिपणे वहीत ठेवू नका. प्रत्येक अ‍ॅपमध्ये अभिप्राय पाठवण्याची सोय असते. चित्रासह, मराठीत, कारण देऊन तिथे पाठवा.